काजू आता मशीन निवडतं. साठीच्या बायांनी काय करायचं?

वेंगुर्लेकरीण: सावंतवाडी-वेंगुर्ला भागातल्या काजू कारखान्यांत स्वयंचलित कटर आले याचा मला आनंदच आहे. उकडलेली बी फोडताना टरफलातलं तेल हातावर येतं आणि त्यातल्या ॲनाकार्डिक आम्लाने कातडी सोलवटते. राख नाहीतर तेल चोळून फोडायला बसणाऱ्या बायांचे हात ज्यांनी पाहिलेत, त्यांना वेगळं सांगायला नको. ते काम यंत्रानेच करावं.

पण गरावरची पातळ साल काढणं आणि गर निवडणं ही बसून करायची कामं होती. गुडघे गेलेल्या, मागे कोणी नसलेल्या बाया त्यावर औषधपाणी भागवत. आता हवेच्या झोताने साल निघते, कॅमेऱ्याचं सॉर्टर डागी गर बाजूला टाकतं. आणि यंत्राला सरकारी पैसा मिळतो: 2020 पासूनच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत खर्चाच्या 35 टक्के, 10 लाखांपर्यंत. ते देताना किती बायांचं काम राहणार हेही विचारा, एवढंच माझं मागणं.

काजूवाला_कुडाळ: ताई, माणसं आहेत कुठे? पोरं गोव्याला नाहीतर मुंबईला. व्हिएतनामवाले सगळं यंत्रावर करून स्वस्तात विकतात. यंत्र नको म्हटलं तर कारखानाच बंद, मग सगळ्याच बाया घरी.

वेंगुर्लेकरीण: पोरांचं खरं आहे. पण साठीची बाई गोव्यातल्या मोप्याच्या विमानतळावर कामाला जाणार नाही.

शिरोड्याचो: माझी आवस घराकडे गर आणून साली काढी. पैसे थोडेच, पण ते तिच्या हातात येत. आता तिका कोण विचारूक नाय.

दापोलीकर_कृषी: यंत्राचा एवढा धाकही नको. त्याला एकसारखी बी लागते. वेंगुर्ला-7 या सुधारित जातीची बी सुमारे 10 ग्रॅमची, गावठी झाडाची बरीच लहान. आकारवार चाळली नाही तर गर फुटतो आणि तुकड्याला अख्ख्या गराचा भाव येत नाही. चिकटून राहिलेली साल अजूनही हातानेच काढतात. माझं म्हणणं, यंत्र बचत गटानेच घ्यावं. योजना त्यांनाही खुली आहे.

काजूवाला_कुडाळ: आणि बी? वर्षभराची बी मार्च ते मे मध्येच भरून ठेवावी लागते. गटाकडे एवढं भांडवल आहे?

दापोलीकर_कृषी: त्याच योजनेत गटातल्या सदस्यामागे 40,000 रुपयांपर्यंत बीज भांडवल आहे. दहा जणींचे 4 लाख.

काजूवाला_कुडाळ: सव्वाशे रुपये किलो धरा, 3,200 किलो बी येईल. तेवढी माझं यंत्र आठवडाभरात फोडतं. पुढचे महिने गट काय करणार?

वेंगुर्लेकरीण: हिशोब मान्य, म्हणून गटाने फोडायच्या धंद्यात पडूच नये. फोडू दे तुमच्या यंत्राला. साल राहिलेला आणि पुन्हा निवडायचा गर आमच्याकडे पाठवा, मजुरी किलोवर आधी ठरवू. या मोसमात किती पाठवाल ते सांगा.