सराफ बाजारामागचा वाडा उतरवला, इमारत उठत नाही. आईने पुरवणी करारावर सही करावी का?

गोदाकाठची

नाशिक गावठाणातल्या वाड्यांचा पुनर्विकास जवळून पाहिलेल्यांचा सल्ला हवा आहे.

सराफ बाजारामागच्या गल्लीत आमचे बिऱ्हाड आजोबांच्या काळापासून. वाडा दुमजली, सागवानी, मधे चौक. भाडेकरू सात. मूळ मालकांच्या तिन्ही मुलांचे वारस धरले तर मालक अकरा, त्यातले दोघे मुंबईला आणि एक बाई इंदूरला. आमच्या दोन खोल्या. भाडे नाममात्र होते, पण 1978 पासूनच्या पावत्या आईने पत्र्याच्या डब्यात सालवार बांधून ठेवल्या आहेत.

2021 च्या पावसाळ्यात मागची भिंत फुगली, धोकादायक इमारतीची नोटीस लागली आणि वर्षभरात मालकांनी एक विकसक आणला. प्रत्येक भाडेकरूला 410 चौरस फूट चटई क्षेत्र मालकी हक्काने, वाडा रिकामा केल्यापासून 24 महिन्यांत ताबा, तोवर महिना 8,000 रुपये भाडे असे ठरले. करारनामा नोंदणीकृत आहे. 2022 च्या दिवाळीनंतर वाडा उतरवला. भाडे दीडएक वर्ष आले आणि थांबले. आज तिथे पत्र्याचे कुंपण, आत जोते आणि गंजलेल्या सळया आहेत. पावसाळाभर खड्ड्यात पाणी साचते, शेजारची दुकाने डासांनी हैराण आहेत. कुंपणावरच्या फलकावरचे इमारतीचे चित्र उन्हाने पार निळे पडले आहे.

विकसकाची कारणे बदलत गेली. आधी पूररेषा, मग एका वारसाचा दावा, आता म्हणतो गावठाण क्लस्टर (अनेक वाड्यांचा एकत्र पुनर्विकास) येणार आहे, जादा एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येईल त्याचे प्रमाण) मिळाला तरच परवडेल. मध्यंतरी त्याने पुरवणी करारनाम्याचा मसुदा पाठवला. त्यात 410 चे 345 झालेत, थकलेले भाडे माफ, आणि ताबा ‘सर्व परवानग्या मिळाल्यापासून 30 महिन्यांत’. सातांपैकी चौघांनी सही केली.

आई 74 वर्षांची आहे. सध्या पाथर्डी फाट्याला भाड्याच्या घरात राहते. ते भाडे मी आणि भाऊ भरतो, त्याची ओढाताण नाही. पण तिचे सगळे आयुष्य एका किलोमीटरात गेले. गंगेवरचा, म्हणजे गोदाकाठचा, बुधवारचा बाजार, सोमवारी कपालेश्वर, दहीपुलावरचा तिचा ठरलेला दुकानदार. तिथे जायचे तर आता कुणीतरी न्यावे लागते. ती म्हणते, “देऊन टाक सही, निदान काम तरी सुरू होईल.” मला वाटते सही दिली की हातात काहीच उरणार नाही. मी पुण्याला असते, त्यामुळे तिथल्या खाचाखोचा मला कळत नाहीत. काय करावे?

तिवंध्याचा

ताई, सही देऊ नका. आमच्या करारातही ‘सर्व परवानग्या मिळाल्यापासून’ हेच शब्द होते. शेवटची परवानगी कोणती, हे त्यानेच ठरवायचे. म्हणजे तारीख नाहीच.

आधी माहिती अधिकारात अर्ज करा. नगररचना विभागाकडून मंजूर नकाशा, बांधकाम परवानगी आणि जोते तपासणीचा दाखला मागा. दहा रुपयांचे काम आहे, 30 दिवसांत उत्तर यायला हवे. एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायद्याच्या कलम 48 प्रमाणे बांधकाम परवानगी एक वर्षाची असते, पुढे वर्षावर्षाने वाढवून घ्यावी लागते आणि त्या वाढीलाही मर्यादा आहे. परवानगी जिवंत आहे की नाही, हे कळल्याशिवाय त्याच्याशी बोलायलाच बसू नका. आमच्याकडे नकाशात आमच्या खोल्यांच्या जागी दुकान दाखवलेले निघाले होते.

नकाशेवाली

मी वास्तुविशारद आहे, गावठाणातली कामे करते. पुढे जे लिहिते आहे ते विकसकाची वकिली म्हणून नाही. काम खरोखर कुठे अडकते ते कळले, तर त्याच्या कोणत्या कारणात दम आहे ते तुम्हाला ओळखता येईल.

पूररेषेचे कारण खोटे नाही. 2008 च्या पुरानंतर गोदावरीच्या निळ्या (नेहमीच्या पुराच्या) आणि लाल (मोठ्या पुराच्या) रेषा आखल्या गेल्या, आणि सराफ बाजार, भांडी बाजार, दहीपुलाचा पट्टा नेमका त्या पट्ट्यात आहे. त्यात सरस्वती नाला बाजाराखालून वाहतो. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागले की दुकानदार माल वरच्या मजल्यावर चढवायला लागतात. तिथे जुन्या अधिकृत इमारतीची पुनर्बांधणी करायची तर जलसंपदा विभागाचा दाखला लागतो आणि जोते पुराच्या पातळीच्या वर उचलावे लागते. ऐकायला साधे वाटते, पण विकसकाचा सगळा नफा तळमजल्याच्या दुकानांत असतो. गिऱ्हाईक रस्त्यावरून सरळ आत येते म्हणून त्या दुकानांना भाव. तेच दुकान सहा-सात पायऱ्या वर गेले की भाव कोसळतो. त्याचे गणित इथे बिघडले असणार.

पण ताई, हे त्याला 2022 मध्येही माहीत होते. रेषा नवीन नाहीत. जोते झाले आहे म्हणता, तर ते कोणत्या पातळीला घेतले ते नकाशावर पाहा. पातळी चुकली असेल तर ते जोते निरुपयोगी आहे, आणि काम थांबण्याचे खरे कारण तेच असू शकते.

दुसरी अडचण रस्त्याची. वाड्यासमोरचा रस्ता 9 मीटरपेक्षा अरुंद असेल तर टीडीआर (दुसरीकडून विकत घेतलेला बांधकामाचा हक्क) वापरता येत नाही. समजा प्लॉट 300 चौरस मीटरचा आहे आणि एकूण बांधकाम 600 मिळते. त्यातले 400 भाडेकरू आणि मालकांना गेले, तर विकायला 200 उरतात. त्या 200 मधून सगळ्या 600 चा खर्च, तुमची भाडी आणि कर्जाचे व्याज निघायचे. एक वर्ष उशीर झाला की व्याजच नफा खाऊन टाकते, आणि मग विकसक तो प्लॉट तसाच सोडून दुसरीकडे पैसा लावतो. गंगापूर रोडला मोकळ्या जमिनीवर बांधणे त्याला कितीतरी सोपे जाते.

म्हणून क्लस्टरच्या गोष्टीवर माझा विश्वास नाही. क्लस्टर म्हणजे एका वाड्याचे काम नव्हे. शेजारचे अनेक वाडे एकत्र यायचे, प्रत्येकाचे वारस आणि भाडेकरू राजी व्हायचे, गल्ल्या रुंद करायच्या. तुमच्या एका वाड्याचे अकरा मालक एका कागदावर आणायला किती वेळ गेला ते आठवा. क्लस्टर होऊ नये असे मी म्हणत नाही. गावठाणाला त्याची गरज आहे. पण त्याच्या भरवशावर 74 वर्षांच्या बाईने थांबायचे नसते.

शेवटचे, आणि हे महत्त्वाचे. भाडेकरू असलेल्या धोकादायक इमारतींसाठी 2020 च्या एकात्मिक नियमावलीत (राज्याच्या बांधकाम नियमांत) वेगळी तरतूद आहे आणि भाडेकरूंना दिलेल्या क्षेत्रावर विकसकाला प्रोत्साहन म्हणून जादा क्षेत्र मिळते. म्हणजे तुमची नावे यादीत आहेत म्हणून त्याला बांधकाम जास्त मिळते. तुमची आई त्याच्या दारात मागायला उभी नाही. वाडा पाडण्याआधी भाडेकरूंच्या खोल्यांची मोजणी झाली असेल, ती यादी मिळवा. तीत आईचे नाव आणि क्षेत्र बरोबर आहे ना, ते आधी बघा.

एक वारस

मी दुसऱ्या एका वाड्याच्या मालकांपैकी आहे, म्हणून या बाजूनेही लिहितो. आमच्याकडे महिना 35 रुपये भाडे येत होते आणि कौले शाकारायलाच त्याहून कितीतरी जास्त लागत. वडील गेल्यावर मिळकत पत्रिकेवर वारसनोंद करायची राहिली, मग काका गेले, आत्या गेल्या. एकेक नाव लावायचे म्हणजे मृत्यूचे दाखले, वारसांची प्रतिज्ञापत्रे, हक्कसोड पत्रे. जपानला असलेल्या चुलत भावाचे मुखत्यारपत्र यायला एक अख्खा हंगाम गेला. मालक मुद्दाम अडवतात असे सरसकट धरू नका.

गोदाकाठच्या ताई, तुमच्या मालकांना एकदा भेटा. विकसन करारात मुदत संपल्यावर तो रद्द करायचे कलम बहुधा असते. काम रखडले की मालकही अडकतात, आम्हीही अडकलो होतो. आम्ही आणि भाडेकरूंनी मिळून नोटीस दिली तेव्हा कुठे विकसक हलला. त्याने जोत्यापर्यंतच्या खर्चाचे पैसे घेऊन दुसऱ्याला काम सोडले. आज तिथे लोक राहतात.

कोर्टरोड

वकिली करतो. करार समोर नाही, त्यामुळे ढोबळ सांगतो.

पहिले पाहायचे ते भाडेहक्क कधी संपतो याचे कलम. ‘नवीन सदनिकेचा ताबा मिळाल्यावर भाडेहक्क संपुष्टात येईल’ असे असेल तर आई आजही भाडेकरू आहे. इमारत पडल्याने किंवा पाडल्याने भाडेहक्क आपोआप जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली स्पष्ट केले आहे. पण ‘या कराराने भाडेहक्क सोडला’ असे लिहिले असेल तर तुमचा आधार फक्त हा करार उरतो. मग त्यातला एक शब्दही सैल होऊ देऊ नका. पुरवणी मसुद्यात हे कलम गुपचूप बदललेले असते, असे मी बऱ्याच वेळा पाहिले आहे. दोन्ही कागद शेजारी ठेवून ओळ न ओळ वाचा.

महारेराचे (राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाचे) सगळे सुचवतील. प्लॉट 500 चौरस मीटरपर्यंतचा असेल किंवा सदनिका आठपर्यंतच असतील तर प्रकल्पाची नोंदणी सक्तीची नाही. गावठाणातले बहुतेक वाडे यातच मोडतात. नोंदणी झाली आहे का ते महारेराच्या संकेतस्थळावर पाहा. नसेल तर त्या दारावर विसंबू नका.

आता मुदत. करारपूर्तीचा दावा ताब्याची ठरलेली तारीख उलटल्यापासून 3 वर्षांत लावावा लागतो. तुमचे 24 महिने 2024 च्या अखेरीस संपले, म्हणजे 2027 संपेपर्यंत वेळ आहे. थकलेल्या भाड्याचा सर्वांत जुना हप्ता त्याआधीच मुदतीबाहेर जाईल. विकसक नवीन तारखा देत वेळ काढतो तो यासाठीही. रखडलेल्या भाड्यासह ताब्याची मागणी करणारी वकिलाची नोटीस विकसकाला आणि सर्व मालकांना आताच जाऊ द्या. चौघांनी सही केली तरी आईचा नोंदणीकृत करार तिच्या सहीशिवाय बदलत नाही.

गोदाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. आत्ताच करार काढून पाहिला. ‘ताबा मिळाल्यानंतर भाडेहक्क संपुष्टात येतील’ असेच आहे, आणि मसुद्यात खरोखर ते बदलून ‘सोडले आहेत’ केले आहे. आईला फोनवर वाचून दाखवले. ती आता सहीला तयार नाही. सही न केलेल्या दोन घरांशी बोलले, तेही थांबतील. इंदूरच्या बाईंचा नंबर आईकडे निघाला.

कोर्टरोड काका, ज्या चौघांनी सही केली त्यांना आता मागे येता येईल का? त्यांतल्या दोघी एकट्याच राहतात आणि त्यांना मसुदा कुणी वाचून दाखवला नव्हता.

कोर्टरोड

आधी तो कागद नोंदवला गेला का ते पाहा. मूळ करार नोंदणीकृत असल्याने नुसत्या सहीच्या कागदाने तो बदलत नाही, पुरवणी करारही नोंदवावा लागतो. दुय्यम निबंधकाकडे जाऊन अंगठा आणि फोटो दिला होता का, एवढे त्यांना विचारा. दिला नसेल तर या आठवड्यातच विकसकाला लेखी कळवू द्या की सही मजकूर न समजता झाली आणि आम्ही नोंदणीला येणार नाही. स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह. दिला असेल तर दोघींना मूळ करार आणि भाडेपावत्या घेऊन वकिलाकडे पाठवा, उशीर न करता. त्यांचा रस्ता वेगळा आहे.