आपल्या गावात, टेकडीवर, नदीकाठी सगळ्यांनी मिळून केलेलं काम: तुमचे अनुभव लिहा

रेवती_च

परवा बुरूड आळीतून जात होते. एका दुकानासमोर बांबूच्या टोपल्या ओळीने उपड्या मांडल्या होत्या. मी तिथेच थांबले. नवरा म्हणाला, "हवी असेल तर घे की." मला पटकन बोलताच येईना.

कोकणातल्या वेळास गावचा किनारा डोळ्यांपुढे आला होता, जिथे समुद्रकासवांची अंडी जपतात. २००९चा मार्च. आम्ही कॉलेजातल्या पाच मैत्रिणी गेलो होतो. समुद्राच्या कडेला जाळीचं कुंपण, आत वाळूवर अशाच उपड्या टोपल्या आणि प्रत्येकीपाशी एक पाटी. पाटीवर कासवाची अंडी पुरल्याची तारीख आणि संख्या. संध्याकाळी गावातला कासवमित्र दादा एकेक टोपली उचलून बघत गेला. सगळ्या रिकाम्या. आमचे चेहरे पडले. तो म्हणाला, "उद्या पहाटे या. ती काय तुमच्या गाडीचं टायमिंग बघून येत नाहीत."

पहाटे पुन्हा गेलो. चौथ्या टोपलीखालची वाळू मधोमध खचली होती, पिठात बोट दाबल्यासारखी. बघता बघता त्या खळग्यातून एक काळं नाकाड वर आलं, मग एक वल्ह्यासारखा पाय. पिल्लू जरा वेळ तसंच पडून राहिलं, दमलेलं. मग खालून दुसऱ्याने ढकललं आणि पाच मिनिटांत तिथे पिल्लंच पिल्लं झाली. माझ्या अंगठ्याएवढी, पाठीवर वाळू चिकटलेली.

मी दादाला विचारलं, हे सगळं सुरू व्हायच्या आधी गावात काय करायचे? त्याने काही आडपडदा ठेवला नाही. "अंडी काढायचो. खायचो, विकायचो पण. आमचा आजा वाळूतला माग बघून सांगायचा घरटं कुठं आहे ते. मी पण त्याच्याकडूनच शिकलो." म्हणजे ज्या नजरेने अंडी जायची त्याच नजरेने ती आता वाचत होती. हे वाक्य इतकी वर्षं माझ्याबरोबर आहे.

चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने, भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, २००२ साली तिथे काम सुरू केलं. पण रोज पहाटे किनारा चालतात ती गावातलीच माणसं. तुम्हीही अशा कुठल्या कामात असाल, एक दिवस का होईना, तर लिहा. मला वाचायचंय.

मंडणगडकर

ताई, शेजारच्याच गावचा आहे मी. तीन हंगाम केले. रात्री नाहीतर पहाटे चालायचं. मादी येऊन गेली की वाळूत ट्रॅक्टरच्या चाकासारखा माग दिसतो, येतानाचा एक, जातानाचा एक. तो जिथे वळतो तिथे काठी हलकेच टोचून बघायची, वाळू भुसभुशीत लागली की हाताने उकरायचं. अंडी असतात टेबल टेनिसच्या चेंडूएवढी, शंभर-सव्वाशे, कधी कमी. बादलीत आधी त्याच घरट्यातली ओली वाळू घालायची, मग अंडी. झटका द्यायचा नाही, फिरवायची नाहीत. आणि कुंपणात खड्डा करायचा तो पण तिच्यासारखाच, वर तोंड अरुंद आणि खाली पोट मोठं, माठासारखा. हे जमायला मला एक अख्खा हंगाम लागला. साधारण ४५ ते ५५ दिवसांनी पिल्लं येतात, वाळू किती तापते त्यावर. नर होणार की मादी तेही वाळूच्या उष्णतेवर ठरतं.

आता नेटवर्क जातंय, नंतर लिहितो.

स्वयंपाकघरातून

वेळासला पाहुणे उतरतात तशा एका घरात जेवलोय आम्ही!! उकडीचे मोदक, कुळथाचं पिठलं, सोलकढी. काकू पहाटे चारला उठायच्या. कासवांपेक्षा माझ्या मुलाला त्या काकूच आठवतात.

माणदेशी_सून

आमच्याकडं २०१७. ८ एप्रिल ते २२ मे. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपवाले, म्हंजे गावागावांच्या पाणी अडवायच्या स्पर्धेतले, लगेच ओळखतील. माण तालुका, ऊन असं की दगडाला हात लावायची सोय नाही. पहाटे पाचला फावडी, घमेली घेऊन माळावर. तीन काठ्यांची ए-फ्रेम बांधायची, मधोमध दोरीला दगड लोंबता, त्यानं समपातळी बघत जायचं आन त्या रेषेवर चर खणायचे. पहिल्या दिवशी आम्ही अकरा जण. गावात दोन पार्ट्या, एकमेकांच्या लग्नाला जात नव्हत्या. तिसऱ्या आठवड्यात माझ्या सासूबाई न बोलता उठल्या, कासोटा घातला आन पलीकडच्या आळीतल्या जावेच्या शेजारी जाऊन घमेलं उचललं. नऊ वर्षांनी दोघी बोलल्या. काय बोलल्या? "पाणी आणलंस का प्यायला?"

बक्षीस मिळालं नाही. जूनमधे पहिला मोठा पाऊस झाला त्या रात्री सगळं गाव बॅटऱ्या घेऊन माळावर. चर काठोकाठ भरलेले. माझा सासरा चराच्या कडंला नुसता बसून होता.

रेवती_च

माणदेशी_सून, काटा आला अंगावर. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

माणदेशी_सून

सांगते. आत्ता शेवया करतायत वाळवणाच्या.

स्वयंपाकघरातून

हाताच्या का मशीनच्या?

माणदेशी_सून

पाटावरच्या हो. आमच्याकडं मशीनच्या चालत नाहीत त्यांना.

वेताळकर

पुण्यात वेताळ टेकडीवर रोज सकाळी जाणारी आमची १५-२० जणांची टोळी आहे. नाव नाही, अध्यक्ष नाही. चढताना प्रत्येकाने दोन बाटल्या पाणी न्यायचं, एवढाच नियम. टेकडीवर पूर्वी सगळीकडे गिरिपुष्प लावलं गेलं, पटकन वाढतं म्हणून. त्याच्याखाली दुसरं फारसं काही उगवत नाही. आम्ही मोकळ्या जागा बघून वावळ, पळस, बहावा, धावडा अशी इथली झाडं लावतो. झाड लावायला एक सकाळ पुरते. झाडं खरी जगतात ती पुढच्या तीन उन्हाळ्यांवर, आणि म्हणून या बाटल्या.

फेब्रुवारी-मार्चमधे वणव्याची भीती. गवत वाळलेलं असतं, एक विडी पुरते. डिसेंबरात आम्ही जाळरेषा काढतो, म्हणजे पट्ट्यातलं गवत कापून जमीन मोकळी करतो. तरी एका वर्षी लागलाच. रात्री साडेआठ. हिरव्या फांद्या तोडून त्यांनी आग झोडपत होतो. शेजारच्या वस्तीतली पोरं न बोलावता आली, चपला घालून, काहींच्या पायात त्याही नाहीत. त्यातला एक सातवी-आठवीतला मुलगा दुसऱ्या दिवशी सकाळी बाटली घेऊन हजर. तेव्हापासून तो येतोय, आता इंजिनिअरिंगला आहे.

दुखणं एकच सांगतो. पाच वर्षं वाढवलेली ४० झाडं, छातीएवढी झालेली. एका खात्याच्या ठेकेदाराने खणायला यंत्र आणलं आणि आम्ही वर पोचायच्या आत सगळं मातीखाली. आमच्यातल्या ७४ वर्षांच्या काकांनी प्रत्येक झाडाला सुतळीने बांधलेली पत्र्याची पट्टी होती. ते मातीतून पट्ट्या वेचत बसले. त्यांना घरी कसं न्यावं ते आम्हाला कळेना.

मृण्मयी८१

अरेरे. वाचून पोटात कालवलं. काका आता येतात का?

वेताळकर

येतात. आता एकच बाटली झेपते. त्याच पट्ट्या नव्या झाडांना बांधल्यात त्यांनी.

रंकाळ्यावरचा

कोल्हापूर. आम्ही शाळेत असल्यापासून 'होळी लहान करा, पोळी दान करा' करतोय, अंनिसच्या (अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या) कार्यकर्त्यांबरोबर. होळीत टाकायची पोळी टोपलीत घ्यायची आणि वस्त्यांवर पोचवायची. पहिल्या वर्षी चौकाचौकात शिव्या खाल्ल्या. आता मंडळाची पोरं स्वतःच फोन करतात, "टोपल्या भरल्या, गाडी पाठवा."

गणपतीत पंचगंगेच्या घाटावर मूर्तिदानाला उभा असतो. एका वर्षी एक आजी आल्या, नातवाच्या हातात मूर्ती. मी म्हटलं, आजी कुंडात करूया का विसर्जन? त्यांनी मला वरून खालपर्यंत बघितलं. "आरती येती तुला?" येते म्हटलं. "मग म्हण." भर गर्दीत मी अख्खी आरती म्हटली, आजींनी टाळ्या धरल्या, आजूबाजूचे दहा-बाराजण सामील झाले. संपल्यावर मूर्ती माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "नीट ठेव हं." ती मूर्ती मी रात्री दोनपर्यंत मांडीवर घेऊन बसलो, ट्रॅक्टरमधे टाकली नाही. तेव्हापासून आमचा नियम: मूर्ती घेताना आधी आरती, हात जोडायचे, मग बाकीचं. लोकांची श्रद्धा जपली की लोक आपलं ऐकतात.

अपर्णा_जो

आम्ही घरीच बादलीत करतो. पीओपीची असेल तर खायचा सोडा घालायचा म्हणे, विरघळते.

रंकाळ्यावरचा

खायचा सोडा नव्हे ताई, अमोनियम बायकार्बोनेट. पुण्याच्या एनसीएलने (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने) पद्धत दिलीय. तळाशी चुन्यासारखा गाळ राहतो, वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट असतं, ते पातळ करून झाडांना घालता येतं. रंग आधी खरवडून काढा. पण सगळ्यात सोपं म्हणजे शाडूची छोटी आणा.

अपर्णा_जो

बरं झालं सांगितलंत, मी गेल्या वर्षी सोडा घालून आठ दिवस वाट बघत होते!

जनावरांचा_डॉक्टर

थोडं वेगळं. गिधाडं. मी पशुवैद्य, रायगडात होतो. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. २००६ साली जनावरांसाठी ते औषध बंद झालं, पण माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या दुकानात मिळायच्या आणि लोक त्या वापरायचे. मी गोठ्यागोठ्यात जाऊन त्याऐवजी मेलॉक्सिकॅम वापरा म्हणून सांगायचो. एका शेतकऱ्याने विचारलं, "गिधाड जगलं तर माझा काय फायदा?" मी त्याला त्याच्याच गावाची वेस दाखवली, मेलेलं जनावर पडलेलं, कुत्र्यांची झुंड जमलेली. पूर्वी हे गिधाडं तासा-दोन तासांत साफ करायची. तो बराच वेळ बघत राहिला. पुढच्या वेळी त्यानेच मेडिकलवाल्याला ती बाटली परत केली.

म्हसळ्याजवळ चिरगाव आहे, तिथल्या लोकांनी गिधाडांची घरटी असलेली झाडं राखली. जमलं तर जाऊन या, झाडाखाली आवाज न करता उभे राहा.

थेम्सकाठी

मी इंग्लंडमधे, लहान गावात. इथे फेब्रुवारी-मार्चमधे पावसाळी, जरा उबदार संध्याकाळी खरबरीत पाठीचे मोठे बेडूक तळ्याकडे निघतात आणि वाटेत डांबरी रस्ता. गाड्यांखाली चिरडतात. आम्ही गावातले आठ-दहाजण पिवळी जाकिटं घालून, बॅटरी नि बादली घेऊन उभे राहतो. उचलायचे, बादलीत ठेवायचे, पलीकडे सोडायचे, वहीत आकडा लिहायचा. कधी मादीच्या पाठीवर नर बसलेला असतो, मग दोघांना एकदमच. गेली तीन वर्षं मी माझ्या आईला व्हिडिओ कॉलवर दाखवते. ती विदर्भातली. म्हणते, "पावसात बेडकं उचलतेस, सर्दी होईल." आणि लगेच, "आज किती झाले?"

मृण्मयी८१

शेवटची ओळ :) आई ती आईच.

नवी_आई

मुलगी ६ वर्षांची. वेळासला नेऊ का? कसं जायचं? झेपेल का?

मंडणगडकर

आलो परत. जरूर आणा. फेब्रुवारी-मार्च ते एप्रिल हंगाम, पण यायच्या आधी गावात फोन करून विचारा, पिल्लं निघण्याचा अंदाज घरटं पुरल्याच्या तारखेवरून काढतात. मुंबईकडून हरिहरेश्वर करून येत असाल तर बागमांडल्याला फेरीबोट, पलीकडे वेश्वी, तिथून वेळास जवळ. गाडी फेरीत चढते. पुण्याकडून महाड-मंडणगड.

एक विनंती. दोरीच्या पलीकडे जायचं नाही, फ्लॅश मारायचा नाही, पिल्लू हातात घ्यायचं नाही, पाण्यात उचलून सोडायचं नाही. त्यांनी स्वतःच्या पायांनी वाळू चालणं गरजेचं आहे. आणि एकही दिसलं नाही तर गावकऱ्यांवर रागवू नका. गेल्या खेपेस एका कुटुंबाने पैसे परत मागितले. ते उतरले होते त्या घरातल्या बाई काहीच बोलल्या नाहीत, आत जाऊन बसल्या.

नवी_आई

अरे देवा. आम्ही नाही हो तसं करणार. मोदक खाऊन येऊ.

गुहागरची

इथे कोणी ती बातमी लिहिली नाही का? २०२१ला ओडिशाच्या किनाऱ्यावर पट्टी लावलेली कासवाची मादी जानेवारी २०२५मधे आमच्या गुहागरला अंडी घालायला आली! पूर्वेचा समुद्र सोडून पश्चिमेला, साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास. तिच्या पायावरचा क्रमांक कळला तो रात्रीच्या गस्तीमुळे. कोणी चालत नसतं तर ती आली काय नि गेली काय. आमच्या गल्लीत चार दिवस दुसरा विषय नव्हता. माझी आई म्हणाली, माहेरपणाला आली असेल.

मंडणगडकर

आणि २०२२ला वेळासच्या मादीला उपग्रहाचा टॅग लावला, नाव ठेवलं प्रथमा. कोळीवाड्यातली पोरं मला विचारायची, "प्रथमा कुठं पोचली?" जाळ्यात कासव आलं तर जाळं कापून सोडायला लागलेत बरेचजण. कापलेल्या जाळ्याची भरपाई मिळते, पण भरपाई येईपर्यंत धंदा बुडतो, तरी सोडतात.

रेवती_च

सगळ्यांचं वाचतेय, कामांमधून एकेक. कुकर लावून आले तर माणदेशातून दोन प्रतिसाद, तिकडून बेडूक. टोपली आणली शेवटी काल. स्वयंपाकघरात उपडी ठेवलीय, कांदे-बटाटे भरायला मन होत नाही.

मी वेळासला गेले ते एकदाच. घराजवळ काही केलेलं नाही. वेताळकर, तुमच्यात नवीन माणूस चालतं का?

वेताळकर

चालतं म्हणजे काय, हवंच आहे. रविवारी सकाळी साडेसहा. पायात बूट, टोपी, आणि पाणी.

अपर्णा_जो

मी पण येऊ? वीस लिटरचा जार आहे आमच्याकडे, गाडीतून आणते.

वेताळकर

या या. पण जार नको, वर चढ आहे. दोन-दोन लिटरच्या बाटल्या आणा, झाकण घट्ट असलेल्या.