अंजनाचं बी नेमकं कोणत्या झाडाचं धरावं?

राम राम मंडळी. यावल तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी आमची 3 एकर बरड आहे, निव्वळ मुरूम. केळीचं तिथं नावच नको, ज्वारीही कशीबशी येते. म्हणून अंजन लावायचं ठरवलंय. पाला गुरांना, लाकूड पोरांच्या पोरांना. अंजन काही दरवर्षी भरभरून धरत नाही. यंदा शेंगा लगडल्यात, म्हणून ही घाई.

काकांच्या माळावर चाळीसेक झाडं आहेत. नाल्याकाठचं एक असं की बघत राहावं, छातीच्या उंचीवर घेर 190 सेंमी. वर उतारावरचं दुसरं 110 चंच, पण खोड सरळसोट, आणि शेजारची सगळी 80-90 वर अडकलेली. बाबा म्हणतात, "नाल्याचंच धर, खाण तशी माती." मला वाटतं तो मोठेपणा गाळाचा आणि पाण्याचा. कोण बरोबर?

आणि वाकडी झाडं सरसकट बाद करायची का? दुष्काळात पाल्यासाठी कित्येकांचे शेंडे कुऱ्हाडीनं उडवलेत.

उत्तर १
भाऊ, उतारावरचं घ्या. प्लस ट्री, म्हणजे बियाण्यासाठी हेरलेलं सरस झाड, निवडताना हेच करतात: झाडाची तुलना त्याच जमिनीवरच्या, साधारण त्याच वयाच्या चांगल्या शेजाऱ्यांशी. फक्त ते जुन्या बुंध्यातून फुटलेलं नाही ना, ते बघा. मुळं आयती मिळाल्यानं असा फुटवा सुरुवातीला झपाट्यानं वाढतो. कुऱ्हाडीचं वाकडेपण बियात उतरत नाही, पण मूळचं खोड कसं होतं ते आता कळणार नाही, म्हणून तूर्त सोडा.

एकाच झाडाचं बी मात्र नको. सगळी भावंडं होतील, पुढं त्यांचाच आपसात संकर. एकमेकांपासून लांबची 10-15 तरी झाडं शोधा. आणि बाप कोण ते आपल्याला दिसत नाही, चांगल्या आईची रोपंही रोडकी निघतात. म्हणून प्रत्येक आईचं बी वेगळं पेरा, पाटी लावा, रोपं शेतभर मिसळून लावा. खरा निकाल तिथं लागतो.

धागाकर्ता
10-15 म्हणजे शेजारच्या दोन माळांवरही हिंडावं लागणार. नाल्याचीही थोडी रोपं लावतो, बाबांचं मन राहील आणि तुलनाही होईल. पाट्या पत्र्याच्याच करतो, लाकडी आमच्याकडे वाळवी ठेवत नाही.