आईची खाज आणि कोलेस्टायरामिन पावडर: कशात देता? (ठाणे)

घोडबंदरकर: आईला पीबीसी आहे, लिव्हरमधल्या पित्तनळ्यांचा आजार. रात्रभर खाजवत बसते. डॉक्टरांनी कोलेस्टायरामिनची ४ ग्रॅमची पाकिटं दिलीत, पण रेतीसारखी लागते म्हणून आई थुंकून टाकते. सकाळी थायरॉईडची गोळी पण असते. कशात देता? ठाण्यात कुठे मिळेल? महिन्याला दीड हजारात बसवायचंय.

कोपरखैरणे_काका: कडुलिंबाच्या पाल्याने आंघोळ घाला, माझी खाज त्यानेच गेली.

नेरूळची_ताई: काका, तुमचं घामोळं होतं. इथे पित्त तुंबून खाज येते. पावडर आतड्यात पित्ताम्लं धरते आणि संडासवाटे बाहेर काढते, स्वतः रक्तात शिरत नाही. नळी पूर्णच बंद असेल तर मात्र उपयोग नाही, पित्त आतड्यात उतरणारच नाही ना. सुकी कधीच देऊ नका, संत्र्याच्या ज्यूसमध्ये कालवून द्या.

वागळेचा_बाळ्या: मी कोलेस्टेरॉलसाठी घ्यायचो, स्टॅटिनने (कोलेस्टेरॉलच्या नेहमीच्या गोळ्या) पाय दुखायचे म्हणून. पित्त बाहेर गेलं की लिव्हर नवीन पित्त बनवायला रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढतं, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) मस्त उतरला पण ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) चढले आणि बद्धकोष्ठाने जीव नकोसा झाला. शेवटी त्याच जातीच्या कोलेसेव्हेलामच्या गोळ्या घेतल्या. महाग आहेत पण आईपुढे पैसा काय.

नेरूळची_ताई: दीड हजार लिहिलंय वर.

वाशीवाला: ठाणं सोडा, वाशीला या, मेडिकलवाले ऑर्डरवर मागवून देतात. तसं घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून निघालात तर पोचेपर्यंत दुकान बंद.

घोडबंदरकर: 😀 थायरॉईडचं कोणी सांगेल का?

पाचपाखाडी: सगळे चवीवरच अडकलेत. ही पावडर दुसरी औषधंही धरून ठेवते. थायरॉईडची गोळी आणि पावडर यात किमान चार तास हवेत, उर्सो (पीबीसीची नेहमीची गोळी) चालू असेल तर तिलाही. त्यात खाजेसाठी पावडर नाश्त्याच्या आगेमागे जास्त चालते, रात्रभर पित्ताशयात साठलेलं पित्त तेव्हाच सुटतं. म्हणजे थायरॉईडची गोळी रात्री झोपताना हलवता येईल का ते डॉक्टरांना विचारा. बरेच दिवस चालली तर ए, डी, ई, के व्हिटॅमिनचंही विचारा.

नेरूळची_ताई: तेच म्हणते मी, संत्र्याचा ज्यूस. घोट घोट घोळवू नका, दात खराब होतात.

वागळेचा_बाळ्या: ताकच बरं.

घोडबंदरकर: ज्यूस, ताक दोन्ही नाही म्हणाली. कोकम सरबतात एका दमात प्यायली, वर अजून साखर मागितली. पाकिटं नौपाड्यातल्या मेडिकलवाल्याला सांगितलीत. थायरॉईडचं मंगळवारी ओपीडीत विचारतो.

कोपरखैरणे_काका: पाला हवा असेल तर आमच्या सोसायटीत झाड आहे.