देवटेकच्या शिळेवरून: राज्य बुडालं की धर्म बुडतो का?

सीताबर्डीकर

चंद्रपूर जिल्ह्यातल्या देवटेकला एक शिळा सापडली, ती पुढे आपल्या नागपूरच्या अजब बंगल्यात, म्हणजे संग्रहालयात आली. तिच्यावर दोन लेख आहेत. पहिला मौर्यकाळातला, प्राकृतात. प्राणी पकडू नयेत, मारू नयेत अशी आज्ञा. दुसरा जवळजवळ सहाशे वर्षांनंतरचा, संस्कृतात. वाकाटक राजा पहिला रुद्रसेन याने चिक्कंबुरी इथे धर्मस्थान उभारलं, त्याचा. शिलालेखांचे अभ्यासक वा. वि. मिराशींनी दोन्ही वाचले. नव्या लेखाला जागा करायला जुन्यातली काही अक्षरं छिन्नीने तासून टाकलेली आहेत.

ही शिळा दाखवून लोक सांगतात की अशोक होता म्हणून बौद्ध धर्म विदर्भात आला आणि वाकाटक आले म्हणून गेला. मला हे साफ अमान्य आहे. मधली सहाशे वर्षं कुठे गेली? मौर्य तर इसवी सनापूर्वी 185 च्या सुमारासच संपले. त्यानंतरही भंडारा जिल्ह्यातल्या पवनीचे स्तूप नांदत होते, आणि तिथल्या दगडांवर दान देणाऱ्या साध्या माणसांची नावं आहेत. सांचीलाही तशी शेकडो आहेत. वाकाटक शिव-विष्णूचे भक्त, पण वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचं 16 नंबरचं लेणं कोरवून भिक्षुसंघाला दिलं.

माझ्या मते दुखणं दुसरीकडे होतं. नाशिकच्या लेण्यातला, क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख बघा. त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, 3000 कार्षापण (त्या काळची नाणी) कायमचे ठेवले. 2000 वर व्याज महिना शेकडा एक, 1000 वर पाऊण. त्या व्याजातून भिक्षूंची चीवरं (वस्त्रं) आणि वरखर्च. सोय उत्तम, पण चीवर श्रेणीकडून येऊ लागलं की गावातल्या घराची गरज कमी होते. पुढे व्यापार आटला, श्रेणी मोडल्या, आणि विहाराच्या मागे उभं राहायला घरं उरली नाहीत. बारसं, लग्न, तेरवी ज्याच्या हाती, तो धर्म गावात टिकतो. राजा कोण आहे याने फार फरक पडत नाही.

वैनगंगाकाठची

दादा, पवनी माझं माहेर. जगन्नाथ टेकडीच्या, म्हणजे तिथल्या स्तूपाच्या सावलीत वाढले, म्हणून हा विषय मला जवळचा. पण तुमचं म्हणणं पटत नाही.

बारसं-लग्न लावणारा गावात आणून बसवला कोणी? राजानेच ना! अचलपूरजवळच्या चम्मकचा ताम्रपट घ्या. वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाने 1000 ब्राह्मणांना 8000 निवर्तनं जमीन दिली, आणि वर अटी घातल्या. राज्याशी द्रोह करायचा नाही, युद्ध करायचं नाही, दुसऱ्या गावांना त्रास द्यायचा नाही. अटी पाळाल तोवर जमीन तुमची. हा सरळ राज्यकारभार आहे. घरातला धर्म त्या जमिनीवर उभा राहिला.

आणि अजिंठ्याचंच उदाहरण तुमच्यावर उलटतं. 24 नंबरच्या लेण्यात जाऊन उभे राहा. खांब अर्धवट, छिन्नीचे घाव तसेच. हरिषेणाबरोबर वाकाटकांची सत्ता कोसळली आणि कारागीर हत्यारं उचलून निघून गेले. तिथे घरं कमी पडली नाहीत, राजा कमी पडला.

बाहेर बघायचं तर मिसर, म्हणजे इजिप्त. रोमन सम्राट थिओडोसियसने इसवी सन 391-392 मध्ये जुन्या देवांची पूजा कायद्याने बंद केली. फिली बेटावरचा शेवटचा चित्रलिपीतला लेख 394 चा. तीन हजार वर्षांहून जुनी लिपी, ती वाचणारा माणूसच उरला नाही. हे हुकमाने झालं.

सीताबर्डीकर

ताई, चम्मकच्या अटींचा मुद्दा जोरदार आहे, मानतो. जमीन राजाची होती. पण वाकाटक इसवी सन 500 च्या आसपास संपले, अटी घालणारा उरला नाही, तरी त्या घरांतले संस्कार चालूच राहिले. मी म्हणतो ते हेच.

मिसरचंच दुसरं टोक घ्या. तिथला प्राचीन राजा अखेनातेन याने एकट्या सूर्यबिंबाची पूजा सुरू केली, नवी राजधानी वसवली, जुन्या देवांची नावं दगडांवरून खोडली. तो गेला आणि काही वर्षांतच सगळं गुंडाळलं. एवढा राजाश्रय कोणाला मिळाला असेल? उलट ज्यूंचं मंदिर रोमनांनी इसवी सन 70 मध्ये पाडलं, राज्य नाही, मंदिर नाही, पण शब्बाथ घरात पाळला जात राहिला. इराणचं सासानी साम्राज्य 651 मध्ये संपलं, तरी पारशांचा अग्नी गुजरातेत तेवत राहिला.

काटोल रोड

तुम्ही दोघं ताम्रपट आणि शिलालेखांतच फिरून राहिले. ज्यांनी काही लिहिलंच नाही त्यांचं काय?

शहराला लागूनच जुनापाणी आहे. तिथे दफनांभोवती रचलेली शेकडो शिळावर्तुळं आहेत, लोहयुगातली, मौर्यांच्याही आधीची. काळ्या दगडांवर ओळीने कोरलेले वाटीसारखे छोटे खळगे आहेत. सकाळच्या तिरप्या उन्हात ते नीट दिसतात, बोट ठेवलं तर बोट बसतं. माहुरझरीला याच लोकांनी मेलेल्या माणसाबरोबर घोडा पुरला, घोड्याच्या तोंडावर तांब्याचे दागिने चढवले. नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी सापडली. म्हणजे हातात कसब होतं, मेलेल्यांची कदर होती.

सीताबर्डीकर, हा धर्म तर पूर्णपणे घराचा आणि मरणाचा होता. मोठं साम्राज्य नाही, विहार नाही, व्याज नाही. तुमच्या हिशेबाने तो टिकायला हवा होता. मग गेला काहून? भामरागडकडे माडिया लोक आजही मृतांसाठी दगड उभारतात, पण त्यांच्यापर्यंत जुनापाणीहून सरळ धागा जोडता येत नाही.

इंदोरा

माझी आजी 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षाभूमीवर होती. पांढरं लुगडं नेसून, कडेवर माझे वडील. या चर्चेत ती तारीख आली नाही म्हणून लिहितो आहे.

त्या दिवशी बाबासाहेबांना दीक्षा दिली भदंत चंद्रमणी यांनी. ते मूळचे ब्रह्मदेशातल्या आराकानचे. म्हणजे इथे दिवा विझला तेव्हा तो श्रीलंका आणि ब्रह्मदेशात जळत होता, आणि तिथे राजांनी संघ सांभाळला होता. इतकं ताईंचं बरोबर.

पण इथे तो पुन्हा टिकला कसा, ते मी घरात पाहिलं. आजीच्या देव्हाऱ्यातले देव गेले. आमच्याकडे लग्न लागलं ते बौद्धाचार्यांनी लावलं, आमच्याच वस्तीतला माणूस, दिवसा गिरणीत कामाला. नाव ठेवायचं असो की मयतीला त्रिशरण-पंचशील म्हणायचं असो, तोच यायचा. जुन्या विहारांना जे जमलं नाही असं सीताबर्डीकर म्हणतात, ते काम इथे पहिल्या दिवसापासून वस्तीतल्या माणसांनी उचललं. कोणत्या राजाने जमीन दिली नव्हती.

वैनगंगाकाठची

दादा, तुमच्या आजीचं वाचून डोळे भरले. तरी एक विचारते. 1956 ला संविधान लागू होऊन सहा वर्षं झाली होती, त्यात कलम 25 होतं. हव्या त्या धर्माने चालायचा हक्क राज्याने आधीच देऊन ठेवला होता. हा राजाश्रय नाही का?

सीताबर्डीकर

ताई, राज्याने जमीन देणं वेगळं आणि छिन्नी न चालवणं वेगळं. कलम 25 दुसऱ्या प्रकारात बसतं. पण त्याशिवाय इंदोऱ्यातलं ते लग्न उघडपणे लागलं नसतं, हे मला मान्य करावं लागेल.

काटोल रोड, जुनापाणीवर माझ्याकडे आज उत्तर नाही. रविवारी सकाळी सातला तिथे जातो आहे, उन्ह तिरपं असतानाच. येणार असाल तर सांगा.