मदत हवी आहे: जुन्या पद्मिनीचा स्पीडोमीटर जास्त वेग दाखवतोय
नमस्कार मंडळी. गाडी १९८४ची प्रीमियर पद्मिनी, मीटर मूळचाच, केबलवर चालणारा. फोनच्या जीपीएसवर ४० असताना काटा ५० वर, ६० ला थेट ७५ वर. आधी काटा थरथरायचाही. नवी केबल ग्रीस लावून टाकल्यावर ते थांबलं, चूक तशीच. टायर मूळ मापाचे. पुणे रस्त्याला किलोमीटरचे दगड धरून २० किमी मोजले, तर किलोमीटरचे आकडे बरोबर फिरले. चूक वेगाबरोबर वाढतेय, म्हणजे नुसता काटा सरकलेला नाही. काट्याला मागे ओढून धरणारी आतली केसासारखी स्प्रिंग सैल पडली असावी. केबलवर फिरून काटा पुढे ओढणारा चुंबक कमजोर असता तर वेग कमी दिसला असता. मीटर बदलायचा नाही, हाच जपायचाय. ही स्प्रिंग घरी नीट करता येते का, की सोलापुरात असं काम हाताने करणारा कोणी जुना मीटरवाला आहे?