आरास (फ्रान्स): पॅरिसहून दोन दिवस. सासरे ७४ वर्षांचे, माजी सॅपर. कोणी गेलंय का?

खारघरची सून:
नमस्कार मंडळी. येत्या मे महिन्यात आम्ही पाच जण पॅरिसला नणंदेकडे जातोय. त्यातले दोन दिवस बाबांसाठी, म्हणजे सासऱ्यांसाठी, राखून ठेवलेत. ते खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधून (लष्करातली खोदकाम-बांधकाम करणारी पलटण) सुभेदार म्हणून निवृत्त झाले. त्यांचं एकच म्हणणं: "आयफेल टॉवर तुम्ही बघा, मला न्यूव्ह शापेलला न्या." तिथे पहिल्या महायुद्धात पडलेल्या भारतीय सैनिकांचं स्मारक आहे. मुलगी नववीत आहे, तिला मध्ययुगातलं काहीतरी बघायचंय. नवरा म्हणतो नॉर्मंडीतल्या बायोला जाऊ, तिथे ते मध्ययुगातलं प्रसिद्ध भरतकाम आहे आणि दुसऱ्या महायुद्धाचं म्युझियमही. टूरवाल्याने न विचारताच नॉर्मंडीचं पॅकेज पुढे सरकवलं.

नकाशात न्यूव्ह शापेलच्या खाली आरास नावाचं शहर दिसलं. (सासूबाई: "गणपतीची का गं?") तिथे मुक्काम केला तर दोन्ही साधेल का? बाबांचे गुडघे कुरकुरतात, जिने किती आहेत? आणि ते खडकीची मूठभर माती आणि नारळ न्यायचं म्हणतायत. चालेल का?

उपवनकाठचा म्हातारा:
सूनबाई, आरासच. दोन वर्षांपूर्वी मी, बायको, मुलगी आणि जावई जाऊन आलो. पॅरिसच्या गार द्यू नॉर स्टेशनवरून टीजीव्ही, म्हणजे त्यांची वेगवान रेल्वे, पन्नासेक मिनिटांत पोचवते. ठाण्याहून सीएसएमटीला स्लो लोकलने जायला याहून जास्त वेळ लागतो.

मी रेल्वेच्या बांधकाम खात्यात होतो, पारसिकच्या बोगद्याशी बरीच वर्षं संबंध आला. त्यामुळे मला तिथलं जमिनीखालचं जग सगळ्यात आवडलं. शहराखाली सगळा खडू. आपल्या फळ्यावरचा, तसाच पांढरा, मऊ दगड. मध्ययुगात लोकांनी तो खणून चर्चं आणि घरं बांधली आणि खाली पोकळ्या राहिल्या. तुमच्या खारघर-तुर्भ्याच्या बाजूला डोंगर खाऊन शहर उभं राहिलं ना, तोच प्रकार. फरक इतकाच की त्यांचा खड्डा घराखाली लपला.

पहिल्या महायुद्धात न्यूझीलंडच्या बोगदेवाल्या तुकडीने या जुन्या खाणी एकमेकींना जोडल्या आणि त्यांना आपल्या गावांची नावं दिली: वेलिंग्टन, नेल्सन, डनेडिन. सुमारे २४,००० सैनिक तिथे दडून राहिले आणि ९ एप्रिल १९१७ च्या पहाटे साडेपाचला जर्मनांच्या अगदी तोंडाशी बाहेर पडले. त्यातली वेलिंग्टन खाण २००८ पासून बघता येते. लिफ्टने वीसेक मीटर खाली नेतात, डोक्यावर त्या काळच्या घाटाचं हेल्मेट घालायला देतात. भिंतीवर दिशा दाखवणारे रंगवलेले शब्द आणि सैनिकांनी काढलेली चित्रं अजून आहेत. मी सवयीने छताला हात लावून बघितला, तर गाईडबाई ओरडल्या. खाली बारा महिने ११ अंशांच्या आसपास, तेव्हा सासूबाईंची शाल वरच्या बॅगेत ठेवा. वेळ आधी आरक्षित करा. बाबांना इथे काही त्रास नाही.

नगरभवनाखालची 'बोव्ह' नावाची तळघरं मात्र पायऱ्यांची आहेत. तिथे मुलीला एकटीला पाठवा, तिचं मध्ययुग तिथेच आहे. वर ग्रांद प्लास नावाच्या चौकात १४६७ चं एक घर आहे, पायऱ्या-पायऱ्यांच्या कळसाचं, चौकातलं सगळ्यात जुनं. बाकी हा आणि शेजारचा, अशा दोन चौकांतली १५५ घरं सतराव्या-अठराव्या शतकातल्या धाटणीची. ७५ मीटर उंच घंटाघर १९१४ मध्ये तोफांनी पाडलं आणि युद्धानंतर जसंच्या तसं बांधलं. माझा जावई "म्हणजे नकली" म्हणून नाक मुरडत होता. मला उलट ते कौतुकाचं वाटलं. नकाशे काढून, मोजमापं जुळवून पुन्हा उभं करणं हे बांधकामवाल्यालाच कळतं. वर लिफ्ट जाते, शेवटी थोड्या पायऱ्या आहेत.

जेवणाचं एक सांगतो. दुपारी दोननंतर स्वयंपाकघरं बंद होतात. आम्ही तीनला पोचलो आणि संध्याकाळी सातपर्यंत फक्त बटाट्याच्या तळलेल्या फोडींवर काढले. दशम्या न्या.

वाशी सेक्टर १७:
नवऱ्याला सांगा, बायोचं भरतकाम तूर्त बघायला मिळणार नाही. ७० मीटर लांबीचं ते कापड ज्या म्युझियममध्ये असतं ते सप्टेंबर २०२५ पासून नूतनीकरणासाठी बंद आहे, २०२७ पर्यंत. मधल्या काळात ते लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला उसनं द्यायचं ठरलंय. नुसतं कॅथेड्रल बघायला एवढं लांब कोण जाणार?

आणि विमी चुकवू नका. आरासपासून दहाएक किलोमीटर, कॅनडाचं स्मारक, खंदक जपून ठेवलेत.

उपवनकाठचा म्हातारा:
विमी उत्तमच, पण चालणं आहे. बाबांसोबत एका दिवसात विमी आणि न्यूव्ह शापेल दोन्ही नको. त्यांचा दिवस त्यांचाच राहू द्या.

न्यूव्ह शापेलला गाडी भाड्याने घेऊनच जा. स्मारक चौरस्त्याला लागून आहे. गोल कुंपणाची भिंत, काही भागात जाळीची, मधे पंधरा मीटरचा स्तंभ आणि पायथ्याशी दोन वाघ. सांची-अशोकस्तंभाची आठवण यावी असं. हर्बर्ट बेकर या ब्रिटिश वास्तुविशारदाने बांधलं, १९२७ मध्ये उघडलं. फ्रान्स-बेल्जियममध्ये पडलेल्या आणि कबर नसलेल्या ४,७०० हून जास्त भारतीयांची नावं भिंतीवर कोरलीत. पलटणीप्रमाणे लावलीत, तेव्हा बाबांना 'सॅपर्स अँड मायनर्स' शोधायला सांगा. गढवाल रायफल्सच्या गबर सिंग नेगींचंही नाव आहे. १० मार्च १९१५ ला इथेच पडले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस.

बाबांना बहुधा ठाऊक असेल, पण मुलीला सांगा: २८ ऑक्टोबर १९१४ ला ४७ व्या शीख पलटणीबरोबर खडकीच्या विसाव्या आणि एकविसाव्या कंपनीने हे गाव घेण्यासाठी हल्ला केला. खोदकाम करणारी माणसं, संगिनी लावून गल्लीत शिरली. दोन्ही कंपन्यांचे बहुतेक अधिकारी त्या दिवशी गेले किंवा जायबंदी झाले, आणि गाव हातात टिकलं नाही.

रस्त्याच्या पलीकडे पोर्तुगीज सैनिकांचं कब्रस्तान आहे. बायको म्हणाली, "वसईहून थेट इथे?"

माती नेऊ नका. भारतासारख्या बाहेरच्या देशांतून माती आणायला युरोपात बंदी आहे, विमानतळावर काढून घेतील आणि म्हाताऱ्या माणसाला वाईट वाटेल. नारळही तिथे फोडायचा नाही. फुलं आरासला विकत मिळतात.

खारघरची सून:
काका, खूप आभार. रात्री जेवताना सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. 'विसावी आणि एकविसावी' ऐकल्यावर बाबा म्हणाले, "एकविसावी आमची." मग पानावरून उठले आणि जुनी ट्रंक उघडून बसले.

मातीचं सांगितलं. त्यांनी विचारलंय, खडकीच्या मातीत लावलेल्या झेंडूची वाळवलेली फुलं चालतील का? तेवढं कोणी कळवा.

वाशी सेक्टर १७:
ते मलाही नक्की ठाऊक नाही हो. त्यांना म्हणावं, ट्रंकेतला बिल्ला न्या.